रविवारच्या सहा चाचण्या

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला धाकट्याच्या खोलीचं दार आतून बंद व्हायचं आणि बाहेर बाबा खुर्ची टाकून बसायचे. बाबांनी बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलरची नोकरी केलेली. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली, यापलीकडे जगात नोंद करण्यासारखं काही असतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्या दोन तासांत घरात टीव्ही लागायचा नाही, मिक्सर फिरायचा नाही, शेजारचं कुणी आलंच तर बाबा तोंडावर बोट ठेवून त्यांना जिन्यापर्यंत पोचवून यायचे. "पोरगं परीक्षा देतंय," ते कुजबुजायचे. ती कुजबुज आत खोलीत लख्ख ऐकू यायची.

आत पोरगं परीक्षा देत नसायचं. ते पलंगाच्या कडेला नखं खात बसलेलं असायचं आणि कॉम्प्युटरसमोर असायची वहिनी.

वहिनीला त्या खोलीत बाबांनीच बसवलं होतं, पहाऱ्याला. धाकट्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी मोठ्या विद्यापीठात जायचं होतं. त्यासाठी द्यावी लागते ती प्रवेश परीक्षा वर्षभर घरात मुक्कामाला आल्यासारखी राहिली होती. इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या बेसिनच्या आरशावर, गणिताचे कागद जेवणाच्या टेबलावर. क्लासवाले दर रविवारी घरून द्यायची एक सराव चाचणी पाठवत आणि ती संपली की गुण थेट पालकांच्या फोनवर येत. सून विज्ञानाची पदवीधर, चष्म्याच्या दुकानात काचा कापायचं काम करते, तिला आकडे कळतात, म्हणून बाबांनी फर्मान काढलं, "सूनबाई, तू आत बस. त्याचं लक्ष इकडेतिकडे जाऊ द्यायचं नाही. आणि झाल्यावर चुका दाखव."

पहिल्या रविवारी धाकट्याने निबंध लिहिला, शब्दांचा भाग कसाबसा ओढला आणि गणिताच्या चौथ्या प्रश्नावर तो थिजला. त्याला गणित येत नव्हतं असं नाही. सावकाश विचारलं तर सगळं यायचं. पण पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावायला लागलं की त्याच्या डोक्यातलं सगळं सांडायचं. तोच प्रश्न त्याने चारदा वाचला.

"वहिनी, मला दिसतच नाहीये काही," तो म्हणाला.

"भाऊजी, श्वास घ्या. एवढा एक मी सांगते. तिसरा पर्याय."

त्या एकाचे दोन झाले. मग तिने हळूच खुर्ची ओढून घेतली. बारा वाजून पाच मिनिटांनी बाबांचा फोन वाजला आणि बाहेरून आरोळी आली, "तीनशे नऊ! तीनशे चाळीसपैकी तीनशे नऊ!" बाबांना आकाश ठेंगणं झालं. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर त्यांनी लाल पेनने आकडा लिहिला आणि त्याला गोल केला. संध्याकाळी बागेतल्या बाकावर डेपोतल्या जुन्या मंडळींना सांगूनही झालं.

"पुढच्या वेळी मी देतो," धाकटा म्हणाला होता. पण पुढच्या वेळी आधीच्यापेक्षा कमी आले तर? तीनशे नऊ आता भिंतीवर होते. दुसऱ्या रविवारी तीनशे बारा आले, तिसऱ्या रविवारी तीनशे सोळा. सहाव्याला तीनशे बावीस. दर वेळी बाहेर आरोळी, दर वेळी धाकट्याचा चेहरा आणखी उतरलेला.

आणि वहिनीचं काय? ती स्वतःला सांगत असे की आपण पोराला वेळ मिळवून देतोय. हे खरं नव्हतं हे तिला चौथ्या रविवारीच कळलं होतं. शनिवारी संध्याकाळपासून तिला दहा वाजायची ओढ लागायची. आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर काच फिरत असताना ती ओठांतल्या ओठांत शब्द घोकायची. लग्नाआधी तिला पुढे शिकायचं होतं. लग्नानंतर तिने एकदा विषय काढला, तेव्हा नवरा "बघू" म्हणाला होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. कुठल्याही वेळी फोन यायचा, की निघाला. त्या "बघू"ला सात वर्षं झाली होती. मध्ये कुणीच बघितलं नव्हतं.

सहाव्या चाचणीनंतरच्या मंगळवारी तिच्या हातून एक काच वाया गेली. चष्म्याच्या काही काचा ठरावीक कोनातच बसवाव्या लागतात. कागदावर एकशे सत्तर लिहिलं होतं, तिने सत्तरवर बसवली. गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी दुकानातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासताना पकडलं. डोळे तपासणाऱ्या या बाई बोलायला फटकळ, पण सात वर्षांत त्यांनी तिची चूक एकदाही काढली नव्हती, कारण निघालीच नव्हती.

"अगं, हा चष्मा लावून माणूस जिन्यावरून गडगडेल. झालंय काय तुला?"

वहिनी गप्प राहणार होती. पण सहा आठवडे कुणालाच न सांगितलेली गोष्ट एकदा घशाशी आली की थांबत नाही. तिने सगळं सांगितलं. बाईंनी हातातला चष्मा खाली ठेवला.

"म्हणजे तीनशे बावीस तुझे."

"भाऊजींचे म्हणून…"

"म्हणून राहू दे. लिहिले कुणी?"

"मी."

"मग ते तुझेच ना! अजून कुणाचे असतात?"

दृष्टिविज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याच शहरातल्या विद्यापीठात आहे, प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर होतो, दुकानात काम केलेल्यांना तिथे मान आहे, अर्जाला महिना उरलाय, हे सगळं त्यांनी तिला उभ्या उभ्या सांगितलं. परीक्षेची त्याआधीची एकच तारीख शिल्लक होती. धाकट्याची तारीखही तीच. तेच केंद्र. वहिनीने दुपारच्या सुट्टीत फॉर्म भरला आणि शेवटचं बटण दाबल्यावर तिला काही सुचेना, म्हणून तिने आधीच स्वच्छ असलेल्या काचा पुन्हा पुसल्या.

धाकट्याला तिने शनिवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं.

"भाऊजी, मी पण फॉर्म भरलाय. आणि उद्याची चाचणी तुमची तुम्ही लिहायची."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, उद्या नको. शेवटचं एकदा तू लिही."

"परीक्षेला दोन आठवडे राहिलेत. तिथे मी शेजारी नसणारे."

"बाबा मला…" त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"तर मग आज त्यांना सांगा. मी बरोबर येते. दोघं मिळून सांगू."

तो बराच वेळ पिळलेला टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत राहिला. सांगितलं मात्र नाही.

रविवारी दहाला दार लागलं. या वेळी पलंगाच्या कडेला वहिनी होती. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. धाकट्याने शब्दांचा भाग वेळ संपायच्या आत संपवला. तिला वाटलं, जमतंय की! मग गणित आलं. पहिले तीन प्रश्न बरोबर. चौथ्यावर तो थांबला. घड्याळात एकोणीस मिनिटं होती, अठरा झाली, सतरा झाली. उत्तर तिला पलंगावरून दिसत होतं. दोनने भागायचं राहिलं होतं, एवढंच.

"वहिनी," तो न वळता म्हणाला.

तिने हात मांडीखाली आणखी दाबले.

"वहिनी, एकच."

"पुढचा घ्या, भाऊजी. हा सोडा."

"एकच सांग ना!"

बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दारावर टकटक. "काय चाललंय? सोळा मिनिटं राहिली!" बाबांच्या हातातल्या घड्याळाला कॉम्प्युटरचं घड्याळ दिसत नसूनही ते बिनचूक चालत असे.

धाकट्याने डोळे मिटले आणि तो नुसत्याच कळा दाबत सुटला.

दोनशे त्र्याऐंशी.

या वेळी आरोळी आली नाही. दार उघडलं तेव्हा बाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन बघत होते. "क्लासवाल्यांचं मशीन बिघडलंय," ते म्हणाले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे. "काय झालं रे?"

धाकट्याने बाहीने कपाळ पुसलं.

"सूनबाई, काय झालं? आवाज ऐकला मी. तू काही बोललीस त्याला?"

वहिनी धाकट्याकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. तो बोलला, पण भलतंच.

"वहिनीनंही फॉर्म भरलाय, बाबा. त्याच दिवसाचा. कालच मला सांगितलं."

बाबांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा आवाज खाली आला. त्यांचा खाली आलेला आवाज डेपोत ड्रायव्हरसुद्धा टाळत.

"परीक्षा तोंडावर आली असताना तू त्याला हे सांगितलंस? त्याच्या डोक्यात हे भरवून दिलंस? आम्ही तुला पहाऱ्याला बसवलं, सूनबाई."

वहिनीचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटावा इतका शांत निघाला.

"बाबा, आधीच्या सहा चाचण्या मी लिहिल्यात."

"काय?"

"तीनशे नऊपासून बावीसपर्यंत. सगळ्या. भाऊजी बसायचे इथे, आणि मी तिथे. चूक माझीही आहे. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

बाबांनी मुलाला विचारलं, "खरं आहे हे?" धाकट्याने मानही हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही. आणि बाबांनी ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावरच ठेवला. "स्वतःला वाचवायला माणूस काहीही बोलतो," ते म्हणाले.

"क्लासवाल्यांनी दिलेली एक चाचणी अजून शिल्लक आहे," वहिनी म्हणाली. "ती देते. तुम्ही आत बसा."

"आत्ता?"

"आत्ता."

बाबा खुर्ची घेऊन आत आले आणि तिच्या उजव्या हाताला, दोन हातांवर बसले. धाकटा दाराच्या चौकटीत उभा राहिला. कुणी जेवलं नव्हतं.

पहिला अर्धा तास वहिनीला काहीच धड दिसलं नाही. आधीचे सहा रविवार तिने चोरून लिहिले होते, म्हणून निर्धास्त लिहिले होते. गुण आले तर पोराचे, गेले तर पोराचे. आता कानाजवळ सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. एक शब्द, जो तिने दुकानात शंभरदा घोकला होता, समोर येऊन परक्यासारखा बघत राहिला. घड्याळ धावत होतं. धाकट्याला घड्याळासमोर काय होत असेल ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. हात थरथरला, तेव्हा तिने तो मनगटाशी दुसऱ्या हाताने धरला, जसा काच बसवताना धरायची, आणि पुढचा प्रश्न घेतला.

तासाभराने बाहेरचं दार वाजलं. नवरा कामावरून आला होता, अंगावर ग्रीसचे डाग. "काय झालं?" असं तो धाकट्याला विचारताना तिने ऐकलं. उत्तर ऐकू आलं नाही. मग चौकटीत दोघं उभे होते. ती वळली नाही. वळली असती तर रडली असती.

संपलं. बाबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, बघितला आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"तीनशे एकवीस," बाबा म्हणाले. ते उठले, खुर्ची तिथेच ठेवून आपल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून कॅलेंडरचं पान फाडल्याचा आवाज आला.

पुढचे दोन आठवडे घरात माणसं एकमेकांना वाट देत फिरत होती. बाबा सुनेशी बोलत नव्हते आणि मुलाशीही नाही. नवरा घरी असला की भांडी घासायचा, पण एका शब्दानं काही विचारत नव्हता. ते जास्त लागत होतं. वहिनी पहाटे उठून दीड तास अभ्यास करायची. धाकट्याच्या खोलीत पाऊल टाकायची नाही.

परीक्षेच्या दिवशी ती आणि धाकटा एकाच बसने गेले. वेगवेगळ्या बाकांवर. केंद्रावर सगळं काढून घेतलं, घड्याळ, फोन, रुमालसुद्धा; खिसे उलटे करून दाखवायला लावले. आत काचेच्या आडोशांच्या रांगा होत्या. तिला खिडकीकडचा मिळाला, धाकट्याला तिच्या पुढच्या रांगेत, तिसरा. त्याचं डोकं तिला दिसत होतं.

या परीक्षेची एक गंमत आहे. पहिला भाग चांगला गेला की दुसरा अवघड येतो. पहिला बिघडला की सोपा. म्हणजे अवघड आलं की हसायचं आणि सोपं आलं की घाबरायचं. गणिताचा दुसरा भाग उघडला आणि पहिला प्रश्न इतका सोपा होता की तिच्या पायाखालची जमीन सरकली. दुसराही सोपा. गेलं, तिला वाटलं. सात वर्षं, सहा रविवार, तो एक रविवार, सगळं गेलं. बाबांना काय सांगणार? तिने तिसरा उघडला. तो तिला दोनदा वाचावा लागला. चौथा तीनदा. पाचव्याला तर कुठून धरायचं तेच कळेना, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने खुर्चीत बूड नीट टेकवलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतलं ते डोकं उठलं. धाकट्याने हात वर केला, पर्यवेक्षक आला, दोघं काहीतरी बोलले आणि धाकटा चालत बाहेर गेला. पेपर अजून संपला नव्हता. वहिनीची बोटं थांबली. त्याला बरं वाटत नसेल का? उठावं का? घड्याळात अकरा मिनिटं होती. तिने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला आणि पडद्याकडे पाहिलं.

शेवटी पडद्याने विचारलं, हे गुण ठेवायचे की रद्द करायचे? रद्द केलेत तर ते कुणालाच दिसणार नाहीत, तुम्हालाही नाही. गुण न दाखवताच विचारत होता. ती किती वेळ बसून राहिली कुणास ठाऊक. मग तिने ठेवायचे हे बटण दाबलं.

तीनशे एकोणीस.

धाकटा बाहेर पायऱ्यांवर बसला होता. तिला बघून उठला.

"काय झालं, भाऊजी? बरं आहे ना?"

"बरंय. तुझं?"

तिने आकडा सांगितला. त्याने मान डोलावली, एकदा, दोनदा.

"मी दुसऱ्या भागाला उठलो," तो म्हणाला. "वाटलं, आता पुन्हा एक आकडा येणार, आणि त्याचं काहीतरी सांगावं लागणार. बाहेर येऊन बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं."

"काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं. मग म्हणाले, जेवलास का?"

त्या दिवशी ते दोघं एका बाकावर बसून आले. 'वहिनीनंही फॉर्म भरलाय' या त्याच्या वाक्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि तिने विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य त्या दोघांच्या मध्ये बसलेलं असायचं. वर्षभर कुठलीही परीक्षा द्यायची नाही असं त्याने घरात जाहीर केलं आणि तो जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत लागला. दिवसभर उन्हात हिंडायचा आणि संध्याकाळी भुकेजून यायचा.

बाबांनी सुनेजवळ त्या रविवारबद्दल कधीच तोंड उघडलं नाही. पण महिन्याभराने डेपोतल्या एका जुन्या सहकाऱ्याची बायको दुकानात चष्मा न्यायला आली आणि काउंटरवर वहिनीला बघून म्हणाली, "तीनशे बावीसवाल्या तुम्हीच ना? तुमच्या सासऱ्यांनी बाकावर सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणाले, आधी मी चुकीची माहिती दिली होती, ती दुरुस्त करून घ्या." वहिनीने तिच्या नाकावर चष्मा बसवला, कानामागे दांडी वाकवली आणि "दिसतंय नीट?" असं विचारलं. तिला स्वतःला त्या क्षणी नीट दिसत नव्हतं.

प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी नवरा लवकर घरी होता. तिने पत्र त्याच्या हातात दिलं आणि चहा ठेवायला वळली. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"दुकानातल्या बाईंना सांगितलंस," तो म्हणाला. "मला नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी विचारलं असतं असं वाटतं तुला?"

तिने गॅस बारीक केला. खोटं बोलायची तिला आता सवय राहिली नव्हती. "नाही," ती म्हणाली.

तो ओट्याला टेकून उभा राहिला. बराच वेळ पत्राची घडी घालत होता, उलगडत होता. तिला वाटलं, आता रागावेल, किंवा निघून जाईल.

"त्या दिवशी दारात उभा होतो," तो म्हणाला, "तेव्हा पडद्यावर काय होतं त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. ही सात वर्षं माझ्याशेजारी जेवतीये आणि हिला हे येतं हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली. म्हणून बोललो नाही."

चहा उतू जायला आला. तिने भांडं उतरवलं.

"आता विचारतो," तो म्हणाला. "हे दृष्टिविज्ञान म्हणजे काय शिकणार तू, नक्की?"

"खरंच सांगू? लांब आहे ते."

त्याने फोन खिशातून काढून पालथा ठेवला आणि स्टूल ओढलं. वहिनीने दोन कप भरले, समोर बसली आणि डोळ्याच्या बाहुलीपासून सुरुवात केली.